शेडचा कौल

"तुला मी नाही काढलं, नेव्हिल. शेडनेच ठरवलं," हॉगन मुकादम फोनवर म्हणाला. "चिठ्ठ्या टाकल्या सगळ्यांनी. माझा नाइलाज आहे."

नेव्हिल अंथरुणात उठून बसला. सकाळी तापाने फणफणत त्याने रजेचा फोन केला होता आणि संध्याकाळी नोकरी गेली. वीस वर्षं त्या शेडमध्ये मेंढ्या कातरून कंबर मोडून घेतली, त्याचं हे बक्षीस!

मेंढ्यांची लोकर ओली असली, तर त्या कातरायच्या की नाही हे ऑस्ट्रेलियात लाँगरीचकडे कातरणारे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. चिठ्ठीवर नाव नसतं आणि मागाहून कुणी कुणाला विचारत नाही. हॉगनने तीच रीत आजारी माणसाला लावली होती. नेव्हिल सोडून शेडमध्ये चौघेच होते: त्याचा धाकटा भाऊ ग्रँट, जुना सोबती मर्व्ह आणि टास्मानियाहून आलेले दोघे.

दुसऱ्या दिवशी ग्रँट आला तो तणतणतच.

"माझी चिठ्ठी तुझ्या बाजूने होती, नेव्ह. पण त्या मर्व्हने टास्मानियाच्या दोघांचे कान भरले. म्हणे, म्हातारा घोडा किती दिवस पोसायचा!"

"मर्व्ह असं म्हणाला?"

"मी खोटं सांगेन का? तुझ्या हाताखाली शिकलोय मी. दाराजवळची तुझी कातरायची जागा मीच धरून ठेवलीये, उपऱ्याला कशाला मिळू द्यायची?"

नेव्हिलला भरून आलं. रक्ताचं माणूस ते रक्ताचंच, असं त्याला वाटलं.

त्याच दुपारी मर्व्ह मटणाचं सूप घेऊन दारात उभा राहिला.

"कसा आहेस रे? हडकलास अगदी."

"लाज नाही वाटत तुला? पाठीत सुरा खुपसायचा आणि वर सूप पाजायचं?"

मर्व्हने भांडं पुढे केलं. मग म्हणाला, "ताप उतरू दे. मग बोलू."

"काही बोलायचं नाही. चालता हो!"

मर्व्हने भांडं पायरीवर ठेवलं आणि गेला. नेव्हिलने ते सूप कुत्र्याला घातलं.

ताप उतरल्यावर तो आपली हत्यारं आणायला शेडवर गेला. रविवार असल्याने तिथे स्वयंपाकीण थेल्मा तेवढी होती. तिने न विचारताच चहा पुढे केला.

"मर्व्हला काम मिळालं का रे कुठे?" तिने विचारलं.

"त्याला कशाला काम हवंय? आहे की इथे!"

"इथे? तुला बोलला नाही? आजारी माणसावर कसला कौल लावता, म्हणाला हॉगनला. चिठ्ठीला हातसुद्धा लावला नाही त्याने. सामान उचललं आणि निघाला. हॉगन ओरडला, परत येऊ नकोस म्हणून."

नेव्हिलने चहा खाली ठेवला.

"मग मतं कशी पडली, थेल्मा?"

"विचारू नये रे असं."

"सांग."

थेल्माने हात अ‍ॅप्रनला पुसले.

"चिठ्ठ्यांचा डबा मीच उघडला. तीनच चिठ्ठ्या होत्या, आणि तिन्हींवर एकच शब्द होता. काढा."