प्रॅक्टिकल

मायाक्कानं चिमट्यात धरलेला केळीचा कोंब बरणीतल्या जेलीत अलगद उभा केला, झाकण फिरवलं आणि बरणी ट्रेमध्ये ठेवली. तिसरा ट्रे भरला. एका ट्रेमध्ये तीस बरण्या.

सकाळी साडेनऊला बसली होती, आता चार वाजत आले होते. मुलाखतीआधी प्रॅक्टिकल होईल, असं या टिश्यू कल्चर कंपनीच्या मेलमध्ये लिहिलं होतं. जागा एक, उमेदवार अकरा. समोरून गाळलेल्या हवेचा झोत सारखा तोंडावर येत होता, डोळे चुरचुरत होते. पाणी प्यायला उठायचं तर आधी ट्रे पूर्ण करा, असं सांगितलं होतं. कोंब कापताना श्वासही जपून घ्यायचा. एक शिंक आली, की आठवड्यात बरणीत बुरशी. तिनं एकही बरणी बिघडू दिली नव्हती.

शेजारच्या टेबलावर अक्कलकोटचा शिवशरण होता. मास्कच्या आडून तो हळूच म्हणाला, "माजी तिसरी खेप हाय ही. जानेवारीत आलतो, जूनमदी आलतो. दिवसभर असंच बसवत्यात. मग दोन मिनटं इंटरव्ह्यू. कुनालाच घेत न्हाईत."

"मग येता कशाला?"

शिवशरणनं सुरी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. "एकाद्या टायमाला इंटरव्ह्यू खरा असंल की."

मायाक्काला ते पटलं नाही. एवढी मोठी कंपनी असलं कशाला करील?

पहिलं नाव तिचंच पुकारलं. आत मॅनेजर मानसिंग सर होते आणि एचआरच्या विजयमाला मॅडम.

"गाव कुठलं?"

"दुधनी."

"घरी काय असतं?"

"मेंढरं आहेत. थोडी शेती."

"वाटत नाही," मॅडम हसून म्हणाल्या. "लग्नाचं काही ठरलंय?"

"नाही."

"ठीक आहे. कळवू आम्ही."

तिनं सकाळी दिलेली फाइल टेबलावर होती. वरचा रबर निघालेलाच नव्हता.

"सर, माझं प्रॅक्टिकल कसं झालं?"

"चांगलं झालं ना."

"किती बरण्या झाल्या?"

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मोबाइलकडे.

"नव्वद," मायाक्काच म्हणाली. "तपासल्या कुणी?"

"असं लगेच कळत नाही. बुरशी येते का, हे बघायला आठवडा जावा लागतो. एम.एस्सी. ना तुम्ही?"

"बरण्यांवर आमची नावं न्हाईत, सर." सकाळपासून सांभाळलेली बोली आता तिच्या तोंडातून निसटली. "कुनाची कंची बरणी, ते आठवड्यानं कसं कळनार?"

 सरांनी घड्याळ बघितलं. "पुढच्याला पाठवा."

बाहेर बोळात चाकांची मांडणी उभी होती. भरलेले ट्रे ज्यानं त्यानं आणून तिच्यावर ठेवले होते. मायाक्काचे तिन्ही मधल्या फळीवर होते. ती तिथंच थांबली.  तिनं एक बरणी उचलली, झाकण काढलं आणि उघडं बोट थेट जेलीत खुपसलं. बरणी जागेवर ठेवली. दुसरी उचलली. मग तिसरी.

"अहो, काय करताय?" मानसिंग सर दारातून धावत आले.

"प्रॅक्टिकल संपलं की, सर. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल झालं की माल फेकून देत्यात."

"फेकून कसा देणार? पार्टीला कबूल केलेला माल आहे तो. ऑर्डर आहे."

बोलून गेल्यावर ते थबकले. मागं मॅडम उभ्या होत्या, त्यांनी मान वळवली.

लॅबच्या दारात टोप्या आणि मास्क घातलेले सगळे उमेदवार गोळा झाले होते. त्यांनी ऐकलं होतं. 

मायाक्कानं पुढची बरणी उघडली. आतला कोंब बोटाच्या पेराएवढा होता. तिनंच तो तासाभरापूर्वी लावला होता, आणि त्याचा काही गुन्हा नव्हता. तरी तिनं बोट घातलं.

"ऐकलं न्हवं?" ती शिवशरणला म्हणाली. "तुमचं खरं निघालं. तुमचे ट्रे पन हितंच हायत."

शिवशरण पुढं आला. त्याला जागा व्हावी म्हणून ती थोडी बाजूला सरकली. पण त्यानं झाकणाला हात लावला नाही. तो खालच्या फळीवरच्या आपल्या ट्रेंसमोर जाऊन उभा राहिला, तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून.

"माज्या बरण्यांना हात लावू नका," तो म्हणाला. "माजा नंबर राहिलाय अजून."

मायाक्काचा हात हवेतच राहिला. सरांवर आला नव्हता एवढा राग तिला त्या पसरलेल्या हातांचा आला. शिवी तोंडापर्यंत आली, आणि तिनं ती गिळली.

मानसिंग सरांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज आता अगदी मऊ होता.

"शिवशरण, या तुम्ही आत."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, शर्टाची कॉलर नीट केली, आणि तो सरांच्या मागोमाग गेला.