सगळे म्हणजे सगळे

"दुरुस्ती क्रमांक चार," चिटणीस वाचू लागला. "ज्याचा जवळचा नातेवाईक विद्यापीठात अधिकारी असेल, त्याला विद्यार्थी परिषदेचं पद धरता येणार नाही. आठ दिवसांत स्वतःचं पद किंवा नातेवाइकाची नोकरी, एक सोडावं लागेल."

वाचताना त्याने अध्यक्षेकडे एकदाही पाहिलं नाही. कुलसचिव तिचे सख्खे मामा, हे खोलीतल्या अकराही जणांना ठाऊक होतं. दुरुस्ती तिच्याच मापाने शिवली होती.

"मामांना सांग राजीनामा द्यायला!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तिच्या तोंडाची चव गेली. मामांचं नाव न घेता, वसतिगृहाचे जिने झिजवून तिने ही खुर्ची मिळवली होती. ती आता एका ओळीत जाणार होती. चिटणिसाला सगळे 'वकील' म्हणत. वर्षभर तो नियमावलीला चिकटून बसला होता. अध्यक्षपद रिकामं झालं तर उरलेल्या मुदतीसाठी ते चिटणिसाकडे जाईल, हेही त्याने मागच्याच बैठकीत गोड बोलून मंजूर करून घेतलं होतं.

शिपाईकाका चहा घेऊन आले. वकिलाला दूध सोसत नसे. त्याचा काळा चहा काका न सांगता वेगळा आणत. सगळ्यांनी काकांची विचारपूस केली. वकिलाने मान वर केली नाही.

"तिकडे ठेवा," एवढंच म्हणाला.

काय हा माज, तिला वाटलं. हरायचंच आहे, तर निमूटपणे कशाला?

"माझी एक सूचना आहे," ती म्हणाली. "अधिकारीच का? कारकून, माळी, शिपाई यांची पोरं काय धुतल्या तांदळासारखी? 'कर्मचारी' लिहा. सगळे म्हणजे सगळे."

वकिलाचं पेन थांबलं. त्याचे कान लाल झाले. आपल्या मसुद्यात कुणी खोट काढलेली त्याला खपत नसे, हे तिला माहीत होतं. तिला जरा बरं वाटलं.

"त्याची गरज नाही," तो म्हणाला.

"का? कुणाला वाचवायचंय?"

आता सगळेच त्याच्याकडे बघत होते. काकाही रिकामा ट्रे धरून दाराशी उभे होते.

"कुणाला नाही," वकील म्हणाला. त्याने 'अधिकारी' खोडून 'कर्मचारी' लिहिलं.

अकराही हात वर गेले. तिचाही. वकील कागद गोळा करून सर्वांत आधी बाहेर पडला. त्याचा चहा तसाच राहिला होता.

खोली रिकामी झाल्यावर ती राजीनामा लिहायला बसली. मामांवर, वकिलावर, स्वतःवर, सगळ्यांवर ती चिडली होती. काका कप गोळा करायला आले. काळ्या चहाच्या कपापाशी थोडे थांबले. मग त्यांनी दार लोटून घेतलं.

"ताई, तो नवा नियम शिपायालाही लागू झाला?"

"झाला की. मीच तर करायला लावला. का हो?"

काकांनी खिशातून घडी केलेला कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

"तुमचा झाला की माझाही राजीनामा लिहून द्या. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, पण असू दे. आणि ताई, चिटणीससाहेबांना यातलं काही सांगू नका. इथं बाप म्हणून ओळख दाखवायची नाही, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलंय."