लाकडी मोर

नाताळच्या सुट्टीत रामकिसन मास्तर बायकोमुलीसह बैलांच्या दमणीतून आपल्या गावी धनजला आला. येताना त्यानं लाकडी तुकडे जुळवून करायचं मोराचं चित्र आणलं होतं. रोज संध्याकाळी सगळं घर त्या चित्राभोवती बसायचं. मास्तरचा बाप शालिग्राम तेवढा भिंतीला टेकून असायचा.

"मी थकलो. तुमी जमवा."

शेवटच्या दिवशी नातीनं त्याला ओढून बसवलं. त्यानं तुकड्यांच्या कडा बोटांनी चाचपल्या आणि पाचसहा तुकडे भराभर जुळवले.

"आबा, रंगाची बाजू तर खाली गेली," नात हसली.

"गेली काय?" तो म्हणाला.

रामकिसननं आईकडे पाहिलं. गोजराबाई खाली बसली.

"दिवाळीपासून दिसत नाही त्याईले. हात धरून न्या लागते वावरात. म्हने, पोराची सुट्टी सुखात जाऊ दे."