पहिले लाभार्थी

तिरडी लाल फितीपाशी येऊन थांबली. फितीपलीकडे नवी कोरी गॅसदाहिनी होती, अलीकडे फुलांची कमान, आणि कमानीखाली दोन्ही हात पसरून नगरसेवक साहेबांचा कार्यकर्ता मयूर उभा होता.

"काकू, दहाच मिनटं. मॅडम पत्रीपुलावर आल्यात. त्यांनी फीत कापली की पहिला नंबर तुमचाच."

मालनकाकूंनी तिरडीवरच्या नवऱ्याकडे पाहिलं. दौलत निकमांना उभ्या आयुष्यात कुठे पहिला नंबर मिळाला नव्हता, आणि आज मिळाला तो असा. जुन्या चौथऱ्यावर सरण रचावं म्हटलं, तर त्याच्यावर स्टेज घातलं होतं.

मॅडम म्हणजे मालिकेतली पायल. मालिकेत तिचे दोन नवरे वारले होते, तेव्हा प्रसंगाला याहून साजेशी पाहुणी मिळायची नाही, असं मयूरचं मत होतं. पेपरवाल्यांचं मत वेगळं होतं. पाण्याच्या टाकीला नटी, बसथांब्याला नटी, डास मारायच्या यंत्रालाही नटी, असं म्हणत त्यांनी साहेबांना आठवडाभर सोलून काढलं होतं. आज तेच पेपरवाले कॅमेरे सरसावून पहिल्या रांगेत बसले होते, कारण फोटो तर पायलचाच लागणार होता.

अर्धा तास गेला. मॅडम पत्रीपुलावरच होत्या. खांदेकऱ्यांपैकी दोघं सेल्फीसाठी बरी जागा धरायला गेटकडे सटकले, तेव्हा तिरडी खाली ठेवावी लागली. वाटेतला विसावा रीतीप्रमाणे झाला होता. हा दुसरा कुठल्याच रीतीत बसत नव्हता. मुलगा संदेश एका हाताने मडकं सांभाळत दुसऱ्या हाताने घाम पुसत होता.

मालनकाकूंना रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. असल्याच उद्घाटनांवर माणूस तेवीस वर्षं पेपरांत पत्रं लिहीत आला, आणि त्यालाच नटीसाठी उन्हात ताटकळत ठेवायचं? त्यांनी काखेतला आजचा पेपर काढला. दौलतराव पहाटे गेले आणि पेपर सातला आला. आत त्यांचं पत्र होतं. छापून आलेलं पत्र आपल्या हाताने कापून वहीत चिकटवायचं, हा त्यांचा नेम. आजचं तेवढं राहिलं. म्हणून काकू पेपर घेऊनच स्मशानात आल्या होत्या, आणि बायकांनी येऊ नये असं म्हणायला कुणी धजावलं नव्हतं.

"साहेबांना बोलव," त्या मयूरला म्हणाल्या.

साहेब आले. हात जोडून म्हणाले, "ताई, फार वाईट झालं."

"हे वाचा. मोठ्याने."

साहेबांना हळू वाचायची सवयच नव्हती. "नव्या सोयीच्या उद्घाटनाला नटनट्या कशाला? जो सामान्य नागरिक त्या सोयीचा पहिला लाभ घेईल, त्याच्याच हस्ते उद्घाटन व्हावे. दौलत निकम, मोहने."

साहेबांनी तिरडीकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेकडे पाहिलं. सगळे कॅमेरे इकडे वळले होते.

साहेब राजकारणात उगाच टिकले नव्हते. "मयूर," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजचे उद्घाटक दौलतरावच! मी तर कालच म्हणालेलो."

लगेच शाल आली, श्रीफळ आलं. शाल दौलतरावांना पांघरली, नारळ उशाशी ठेवला. तबकातली कात्री साहेबांनी स्वतः काकूंच्या हातात दिली.

काकूंनी फितीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या तिरडीशेजारी खाली बसल्या, पेपर मांडीवर पसरला आणि पत्र कापायला घेतलं. कडा सरळ आल्या, दौलतरावांना लागायच्या तशा. कात्रण त्यांनी शालीखाली त्यांच्या छातीवर ठेवलं.

"उचला रे."

सेल्फीवाले दोघं धावत आले. तिरडी उठली आणि सरळ पुढे निघाली. फीत ताणली गेली, तुटली, आणि तिचं एक टोक नारळाला अडकून तिरडीबरोबर निघालं. काही जणांनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपण कुठे आहोत ते आठवून हात खाली घेतले.

निवेदिका रुचिता मात्र हातातल्या कार्डावरून वाचत होती. "आणि आता मी आजच्या उद्घाटकांना विनंती करते, की त्यांनी आपले दोन शब्द..."

तिची नजर तिरडीवर गेली आणि तिने कार्ड खाली घेतलं. माइक नुसता घरघरत राहिला.

मालनकाकूंनी पदराने डोळे पुसले आणि स्टेजकडे वळून म्हणाल्या, "त्यांचं बोलून झालंय, बाळा. आजच छापून आलंय."