जहाज पाचला सुटतं

"हे काढा," फाटकावरचा शिपाई हिंदीत म्हणाला. यंत्र कोकलत होतं आणि शिपायाचं बोट बसलिंगप्पांच्या गळ्यातल्या चांदीच्या करडगीवर होतं.

बसलिंगप्पांनी ती मुठीत धरली. "आत लिंग हाय आमचं. जिता लिंगायत अंगावेगळं करत न्हाई. मेल्यावर बी हातात देऊनच पुरतेत. काढ म्हन आता!"

"अवो, हळू," शांतम्मा म्हणाली. "मोंढ्यात बारदान इकून राह्यलाव का?" मग शिपायाला म्हणाली, "आमच्या लेकानं तर रांगत होता तवा आपली करडगी चावून पोचा पाडलाय तिला. तरी काढली न्हाई कधी!"

शिपायाला काही कळलं नाही. त्यानं हात जोडून दोघांना आत सोडलं.

उदगीरहून आधी रेल्वे, मग बोट. एवढं करून दोघं या बेटावर आली ती एका दिवसासाठी. मुलगा मन्मथ मोठ्या प्रवासी जहाजावर इंजिनखात्यात होता. दोन वर्षं घरी नव्हता. आज ते जहाज इथं थांबणार आणि पाचला सुटणार. आईबापाला भेटायचा पास कंपनीनंच महिन्यापूर्वी धाडला होता.

धक्क्यावर मन्मथ नव्हता. त्याच्या खोलीतला व्यंकटी आला होता, अर्धापूरचा. तो दोघांच्या पाया पडला.

"मन्मथ ड्युटीवर हाय काका. इंजिनात बिघाड निघालाय. तवर मी फिरवतो तुम्हाला."

"तोंड का उतरलंय रे तुजं?"

"झोप न्हाई काकू."

किनाऱ्यावर जहाजातून उतरलेली हजारभर माणसं लोळत होती. पायांची वाळू धुवायला नळ सताड सोडलेले. बसलिंगप्पांनी ओंजळ भरून चाखली. गोडं पाणी! त्यांनी तो नळ बंद केला, शेजारचाही केला.

"लातूरला आगगाडीनं पाणी येऊन राह्यलं, आन हितं ढुंगणाची वाळू धुतेत गोड्या पाण्यानं! आमचे पुढारी म्हनतेत, उदगीरचा जिल्हा करतो. करा की! मोकळी घागर घिऊन जिल्ह्याला ववाळू का?"

व्यंकटी हसला नाही. तो धक्क्यावरच्या पांढऱ्या कपड्यांतल्या साहेबाकडं बघत होता. साहेबानं लांबूनच मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

बारा वाजले. तीन वाजले. धपाट्यांचं गाठोडं शांतम्मानं सोडलं नाही. "आधी माझा लेक खाईल," एवढंच ती म्हणे. बसलिंगप्पा तिची समजूत घालत होते, "नोकरी हाय बाई. सासुरवाडी हाय का, पायजे तवा उठून यायला?"

साडेचारला ती उभी राहिली. "जा रे व्यंकटी. लांबून दिसला तरी चालंल. त्या गोल खिडकीतनं हात हलीव म्हनावं."

व्यंकटी पळत जहाजावर गेला. परत आला तो एकटाच, घामानं निथळत.

"साहेब सोडत न्हाई काकू. पन एकदम झकास हाय मन्मथ."

"मग येत का न्हाई? रुसलाय का आमच्यावर? खरं सांग. तुजं काई खरं वाटंना मला."

व्यंकटी गडबडला. बसलिंगप्पांकडं बघितलं, साहेबाकडं बघितलं. मग पुरावा द्यावा तशी त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि शांतम्माच्या हातावर ठेवली.

"खोटं कशाला बोलू? आत्ताच त्यानं सोताच्या हातानं दिलं. घरी देवघरात ठेवा म्हनला."

भोंगा वाजला. व्यंकटी पळतच जहाजावर चढला आणि जहाजाचे दोर सुटले.

"बगा, आठवन हाय लेकाला," शांतम्मा हसली. तिनं गाठ सोडली.

रुमालात चांदीची करडगी होती, दातांनी पोचा पडलेली.