विलास कुठंय?

२००६ साल उजाडेपर्यंत सुदामची गर्दच्या नशेची सुई सुटली होती, एचआयव्हीच्या गोळ्याही लागू पडल्या होत्या. डोकं मात्र पहिल्यासारखं झालं नाही. सकाळी जेवलो का, हे त्याला दुपारी आठवायचं नाही. शाळेतलं सगळं लख्ख आठवायचं. शेजारच्या भागुबाई त्याला गोळ्या द्यायच्या. तो रोज आपल्या शाळासोबत्याबद्दल विचारायचा, "मावशी, विलास कुठंय?"

आधी त्या खरं सांगायच्या, "त्याच सुईनं गेला रे तो." सुदाम पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हमसून रडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचा. मग त्या म्हणू लागल्या, "मळ्यात गेलाय झेंडू तोडायला. येईल." तो खुलायचा. रंगपंचमीला विलासनं रहाडीच्या हौदातल्या रंगीत पाण्यात कशी उडी ठोकली, ते हातवारे करून सांगायचा. भागुबाई हातातलं काम टाकून ऐकत बसायच्या.

दवाखान्यातल्या समुपदेशक मीनाताईंनी एकदा त्यांना बाजूला घेतलं. "भागुबाई, असं खोटं का सांगता त्याला?"

"ताई, विलास माझा पोरगा," भागुबाई म्हणाल्या. "आता साऱ्या नाशकात याच्या एकट्याच्याच डोक्यात तो जिता हाय."