निळे हात

"लिंबं आना," सुगंधाबाई म्हणाली. "अन् तवर कोनी जागची उठाची नाई."

शेडमधल्या चारही बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. सुगंधाबाईच्या मांडीवर पांढऱ्या मांजरपाटाचं बोचकं होतं. खडे घालून, दोऱ्यानं आवळून, गाठी मारून झालेलं. फक्त निळीत बुडवायचं बाकी होतं. त्या पांढऱ्यावर रक्त लागलं होतं, अजून ओलं. टोपलीत सगळ्यांची बोचकी एकत्रच पडत, त्यामुळे हे कोणाच्या हातचं ते कळायला मार्ग नव्हता. कोणाचं तरी बोट दोऱ्यानं कापलं होतं आणि बाई गुपचूप बांधत बसली होती.

कोरपना गावच्या त्या शेडमध्ये असं चालत नसे. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं नायजेरियातून फोलाके नावाच्या बाईला इथं शिकवायला आणलं होतं. तिच्या गावाकडं या कामाला आदिरे म्हणतात. बांधायचं आणि रंगवायचं, एवढाच त्याचा अर्थ. तिला मराठी येत नव्हती आणि इथल्या बायांना तिची भाषा, म्हणून सगळी शिकवणी हातानंच झाली. गाठ डोळ्यांनी बघायची नाही, बोटाच्या पेरानं दाबून बघायची. ढिली राहिली की नीळ आत शिरते आणि गाठीखाली पांढरा राहायचा तो गोल चांदवा मळतो. आणि बोट कापलं की कामावरून उठायचं, कारण दुखरं बोट दोरा आपोआप सैल सोडतं.

जाताना फोलाकेबाईनं सुगंधाबाईची बोटं आपल्या हातात धरून काहीतरी म्हटलं होतं. तिला न्यायला आलेल्या संस्थेच्या पोरीनं अर्थ सांगितला, असे हात आमच्याकडेही थोड्याच बायांचे असतात. तेव्हापासून शेडमध्ये सुगंधाबाईचा शब्द शेवटचा. बाईला जरा तोरा आला होता, पण तो तिला शोभायचा.

दिवाळीपासून मात्र कामाला दृष्ट लागल्यासारखं झालं होतं. कापड उलगडावं तर कितीतरी चांदवे निळसर. सुगंधाबाईनं आधी दोऱ्याला नावं ठेवली, मग निळीला ठेवली, आणि शेवटी सगळं येऊन पडलं सुनेवर. रुपाली तिच्या शेजारीच बसून बांधायची. सासूचं बोलणं ती मुकाट्यानं ऐकून घ्यायची. एकदा शेडमधली मंगली "पन बाई..." असं म्हणत मध्ये पडली होती, तर रुपालीनंच तिला डोळ्यानं गप्प केलं होतं.

आज पुरावाच हाती लागला होता.

"जिचं बोट कापलं, तिच्याच गाठी ढिल्या," सुगंधाबाई म्हणाली. "ती आजपासून बांधाले बसनार नाई. मंग ती माही सून का असेना."

नुसते हात बघून काही कळलं नसतं. रोज निळीत घालून सगळ्यांचे हात मनगटापर्यंत काळेनिळे झालेले. त्यावर बारीक काप दिसणार कुठून? लिंबू मात्र झोंबून शोधून काढतंच. बाहेर खेळणारं एक पोर परातीत लिंबं आणून ठेवून गेलं.

साधनानं इंजेक्शन घ्यायचं असल्यासारखे डोळे मिटून हात पुढं केले. रस पडला, काही झालं नाही, तेव्हा तिनं एक डोळा उघडला. बुधरीला हसू आलं. मंगलीचं झालं, बुधरीचं झालं. मग सुगंधाबाईनं रुपालीचा हात ओढला. नवं लिंबू कापलं. एकेक बोट वेगळं धरून, पेरापेरावर पिळलं. रुपालीचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

खरं तर सुगंधाबाईला हायसं वाटायला हवं होतं. तिला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याची तिची तिलाच लाज वाटली.

"आई," रुपाली हळूच म्हणाली, "आता तुमचा हात द्या."

"माहा? माहं बोट कापलं असतं तं मले समजलं नसतं का व?"

"द्या तं खरं."

सुगंधाबाईनं दोन्ही हात ऐटीत पुढं केले. रुपालीनं उरलेली फोड पिळली. सुगंधाबाई हाताकडे बघतच नव्हती. ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"पाहा. झोंबलं का मले काई?"

मंगलीनं पदर तोंडाला लावला. रुपाली मान खाली घालून सासूचा हात धरून बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

मग सुगंधाबाईनं खाली पाहिलं.

उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात दोऱ्याचा खोल काप होता. आतलं मांस दिसत होतं. लिंबाचा रस त्यात शिरून लाल होऊन मनगटावरून ओघळत होता. तिनं बोट वाकवून पाहिलं. काप उघडला, मिटला. शेजारचं बोट चिमटीत धरून दाबलं. मग त्याच्या पुढचं. दुसऱ्या कोणाची तरी बोटं दाबावीत तसं वाटलं. सकाळपासून याच बोटांनी तिनं गाठी दाबून पाहिल्या होत्या आणि प्रत्येक गाठीला घट्ट म्हटलं होतं.

"आपन दवाखान्यात जाऊ, आई," रुपाली म्हणाली. "आत्ताच जाऊ."

सुगंधाबाईनं परातीतलं शेवटचं लिंबू उचलून सुनेच्या हातात दिलं आणि आपलं बोट तिच्यापुढं धरलं.

"आखीन पीळ, पोरी," ती म्हणाली. "जोरानं पीळ."